दुपारी बाराचं गिऱ्हाईक, रात्री नऊचं गिऱ्हाईक

पत्राचा गोषवारा : पणजीच्या जुन्या वस्तीत आजोबांपासून चालत आलेला बार. सहा टेबलं, २२ खुर्च्या. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, त्यांची ३४ वर्षांची मुलगी तो चालवते. सोमवारी बंद, बाकी दिवस दुपारी ११ ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते ११. रोजचे अठरा-वीस जण ठरलेले. पाऊण तास बसतात, दोन पेग फेणी घेतात, माणशी १६० रुपयांच्या आसपास बिल होतं. दोनेक वर्षांपासून पर्यटकांची रीघ लागली आहे. चार-सहा जणांचे घोळके येतात, सव्वादोन तास बसतात, माणशी ४५० रुपये खर्च करतात आणि फोटो भरपूर काढतात. शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने आवाजाबद्दल एकदा पोलिसांना फोन केला. चार जुनी गिऱ्हाईकं यायची बंद झाली. आतेभाऊ १२ लाख रुपये घालायला तयार आहे : नवं फर्निचर, रंगीत दिवे, शुक्रवार-शनिवार डीजे आणि पर्यटकांसाठी वेगळं, महाग मेनूकार्ड. वडील म्हणतात, "कशालाच हात लावू नको." उधारीच्या वहीत नऊ जणांचे मिळून ४१,००० रुपये अडकलेत, आणि त्यातल्या एकाची बायको दाराशी येऊन 'त्यांना देऊ नका हो' असं सांगून गेली आहे. ताई विचारतात : गाववाले सांभाळू की पर्यटक? दोघांपैकी एकाला निवडावंच लागणार ना?

उत्तर :

ताई, निवडावंच लागणार हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. मला ते पटत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तुमचा बार आठवड्यात ४८ तास उघडा असतो. दुपारच्या वेळात पर्यटक जवळजवळ नसतातच. ते तेव्हा समुद्रावर किंवा जुन्या गोव्यात असतात. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात पुन्हा तुमचीच माणसं. नऊ वाजले की गाववाला शीत-कडी जेवायला घरी जातो आणि खुर्च्या रिकाम्या होतात. दोघांची खरी टक्कर होते ती शुक्रवार, शनिवार आणि रविवारी साडेसात ते नऊ. हिशेब केला तर आठवड्याचे साडेचार तास. या साडेचार तासांचा बंदोबस्त करायचा आहे. त्यासाठी १२ लाख लागत नाहीत, आणि कोणाला हाकलावंही लागत नाही.

आता पैशांचं. पर्यटक जास्त पैसे देतो हे सगळेच धरून चालतात, तुम्हीही धरलंय. माणशी बघितलं तर खरंच आहे. पण छोट्या बारमध्ये विकायला असते ती खुर्ची, आणि ती तासावर विकली जाते. तुमचेच आकडे घ्या. गाववाला पाऊण तासात १६० देतो, म्हणजे खुर्चीमागे तासाला २१३ रुपये. पर्यटक सव्वादोन तासांत ४५० देतो, म्हणजे तासाला २००. त्यात पर्यटकाच्या ग्लासात बर्फ जास्त, सोडा जास्त, संडासाला पाणी जास्त, फुटलेले ग्लास जास्त, आणि त्याच्यासाठी टेबलावर एक पोरगा वेगळा उभा करावा लागतो. गर्दीच्या वेळी गाववाल्याची खुर्ची पर्यटकाला देणं हा तोट्याचा सौदा आहे. रात्री साडेनऊची रिकामी खुर्ची त्याला देणं हा निव्वळ नफा. माणूस तोच, खुर्ची तीच; फक्त घड्याळात दोन तासांचा फरक.

शिवाय वर्ष बारा महिन्यांचं असतं. रोजचे १८ जण धरले, १६० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर विक्री होते ७४,८८० रुपये. ही विक्री जुलैतही होते, जेव्हा रस्त्यावर छत्र्यांशिवाय काही दिसत नाही. वीजबिल आणि पोराचा पगार पावसाळ्यात कोण भरतं, ते गेल्या वर्षीच्या वहीत एकदा पाहा. आतेभावाच्या १२ लाखांना हेच गणित लावा. नव्या थाटामुळे हंगामाचे सहा महिने दरमहा २५,००० रुपये निव्वळ जास्त सुटतील असं उदारपणे धरलं, तरी वर्षाला दीड लाख होतात. रक्कम फिटायला आठ वर्षं. तोवर दिवे दोनदा बदलावे लागतील, आणि फॅशनही.

वेगळं, महाग मेनूकार्ड मात्र पूर्ण विसरा. एकाच पेगाचे दोन दर लावलेले लपत नाहीत. शेजारच्या टेबलावर बसलेल्याचं बिल दिसतं, आणि पुढचे सहा महिने लोक त्याबद्दलच लिहीत राहतात. दर फरकाने लावायचेच असतील तर माणसावर लावू नका. वेळेवर आणि जागेवर लावा. दुपारी आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत एक दर, नंतर थोडा जास्त. उभं राहून प्यायलं तर एक दर, टेबलावर बसून प्यायलं तर थोडा जास्त. दोन्ही दर फळ्यावर स्पष्ट लिहा आणि सगळ्यांना तेच लावा. मुंबईहून आलेला पाहुणा साडेसहाला उभ्याने प्यायला तर त्यालाही कमी दर. तो सहसा येणार नाही हा भाग वेगळा.

उभं राहायला जागा करायची कशी? गल्ल्यासमोरच्या भिंतीला फणसाची किंवा तुमच्याकडे घरात पडून असलेली कुठलीही चांगली जाड फळी लावून घ्या. लांबी आठ फूट. माणशी दोन फूट धरले तर चार जण आरामात उभे राहतात, ओळखीचे असतील तर पाच. जमिनीपासून उंची ४२ इंच. खुर्चीच्या टेबलाची उंची ३० इंच असते आणि सुतार सवयीने तीच लावतो, म्हणून माप लिहून हातात द्या. रुंदी १० ते १२ इंच पुरे. जास्त ठेवली तर लोक बॅगा ठेवतात. दर दोन फुटांवर लोखंडी ब्रॅकेट, कारण संध्याकाळ चढत जाते तसा कोपरावरचा भार वाढतो. पुढची कड गोल घासून घ्या. जमिनीपासून सात-आठ इंचांवर पाय ठेवायला एक आडवी नळी लावा. ती नसेल तर माणूस दहा मिनिटांत खुर्ची शोधू लागतो. तीन स्टूल ठेवायचे तर ३० इंच उंचीचे, आणि ते साठीच्या पुढच्यांसाठी. 'राखीव' पाटी लावलेलं रिकामं टेबल ताटकळणाऱ्या पर्यटकाच्या डोळ्यांत खुपतं. ही फळी खुपत नाही, आणि रोजच्या माणसाची जागा कायम राहते.

साडेसात ते नऊसाठी दोनच नियम करा. नऊपर्यंत टेबलं जोडायची नाहीत, आणि चारपेक्षा मोठ्या घोळक्याला नऊनंतरची वेळ द्यायची. दोन टेबलं जोडली की छोट्या खोलीचा मधला रस्ता बंद होतो, पोराला वळसा पडतो, आणि सहा जणांचा एक आवाज बाकी सोळा जणांवर बसतो. दाराशी पाटी-खडू ठेवा. नाव आणि मोबाईल लिहून घ्या, 'नदीकाठी चक्कर मारून या, नऊला फोन करतो' म्हणा. पर्यटकाला हे आवडतं. त्याला वाट पाहायला लावणारी जागा चांगली वाटते, फक्त किती वेळ ते नेमकं सांगावं लागतं.

आता त्या चार गिऱ्हाईकांकडे येऊ. पर्यटकांमुळे गेले असं तुम्ही म्हणता. त्यांना विचारलंत का? पत्रात तुम्हीच सहज लिहून गेलात की मागच्या वर्षी खर्च आवरायला फुकटची चण्यांची बशी बंद केली, जाड काचेचे जुने ग्लास काढून लांब पातळ ग्लास आणले, आणि गल्ल्यावर नवा पोरगा ठेवला जो प्रत्येकाला 'काय घेणार?' विचारतो. वीस वर्षं एकच गोष्ट पिणाऱ्या माणसाला रोज 'काय घेणार?' विचारलं तर त्याला आपण परके झालो असं वाटतं. पर्यटक निमित्त असतील, कारण कदाचित ती बशी आहे.

बशीचा हिशेब करू. एका बशीत ३० ग्रॅम चणे. किलोला २०० रुपये धरले तरी बशी सहा रुपयांना पडते. रोज २० बश्या म्हणजे १२० रुपये, महिन्याला ३,१२०. ते चौघे महिन्याला १६,६४० रुपयांची फेणी पीत होते. चणे पुन्हा सुरू करा. दुपारी आणि साडेसातपर्यंत सगळ्यांना फुकट, नंतर विकत. पोराला १८ जणांची नावं आणि त्यांचं पेय एका कागदावर लिहून द्या. आठवडाभरात त्याला पाठ होईल. माणूस उंबऱ्यात दिसला की ग्लास खाली घ्यायचा, तोंडाने काही विचारायचं नाही. जुने ग्लासही परत काढा. पातळ काच फेणीचा वास कमी धरते असं नाही, ती समजूत चुकीची आहे. फेणीचे ग्लास वेगळे ठेवा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा आणि फडक्यावर उपडे न घालता जाळीवर सुकवा. ओल्या फडक्यावर उपडा ठेवलेला ग्लास फडक्याचाच वास धरतो, आणि पर्यटक मग म्हणतो की फेणीला घाण वास येतो.

ग्लासाइतकंच महत्त्वाचं माप. गर्दीत हाताने ओतायची सवय लागते, आणि गर्दीतला हात सढळ असतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे २५ पेग बसतात. सांडलवंड धरून २४. हात पाच मिलिलिटर जास्त ओतू लागला की २१. बाटलीमागे तीन पेग गेले. शुक्रवारी दहा बाटल्या संपत असतील तर ३० पेग, म्हणजे सव्वा बाटली फुकट वाटली. वजन-माप खात्याचा शिक्का असलेलं माप वापरा, आणि ते गिऱ्हाईकासमोर भरा. जुन्या माणसाला वरचा थेंब द्यायचा असेल तर माप भरून झाल्यावर द्या. त्याला दिसला पाहिजे, नाहीतर त्याची किंमत नाही.

पर्यटकाला काय द्यायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण आतेभावाचं मेनूकार्ड त्यावरच उभं आहे. १४ कॉकटेलची यादी आणि मिक्सर घेऊ नका. मिक्सरचा आवाज, धुणं आणि बाद होणारी फळं यांनी छोटा गल्ला कोलमडतो. पाच पेयं पुरतात, आणि त्यातली दोन तरी हीच असू द्यात. एक, काजू फेणी ६० मिलिलिटर, ताज्या लिंबाचा रस १५ मिलिलिटर, चिमूटभर मीठ, मध्ये चीर दिलेली एक हिरवी मिरची, वर लिंबाचा गोड सोडा १५० मिलिलिटर. मिरचीच्या बिया काढा आणि मिरची ग्लास द्यायच्या वेळीच टाका. आधी करून ठेवलेल्या ग्लासात वीस मिनिटांत ती इतकी उतरते की दुसरा घोट घेववत नाही. दोन, कोकमाचं आगळ २० मिलिलिटर, फेणी ४५, साधा सोडा, मीठ. आगळ आधीच खारं असतं, मीठ चाखून घाला. खायला रोस आमलेट (रश्शातलं आमलेट), चोरीस-पाव (गोव्याचं सॉसेज आणि पाव), उकडलेली अंडी आणि रविवारी एखादा तळलेला बांगडा एवढं पुरे. जे स्वयंपाकघर दोन शेगड्यांवर चालतं त्यावर चार शेगड्यांचा मेनू लिहू नये.

बर्फाचा अंदाज सगळ्यांचा चुकतो, म्हणून आकडा देतो. उंच ग्लासाला साधारण १५० ग्रॅम. ८० ग्लासांना १२ किलो, आणि वितळण्यासाठी त्यावर आणखी तिसरा हिस्सा धरून १६ किलो. आठ वाजता बर्फ संपला की कोणीतरी मासळीच्या बर्फाची लादी आणायला धावतो. तो बर्फ खाण्याचा नाही. तो ग्लासात गेला तर दुसऱ्या दिवशी सगळा दोष फेणीवर येतो.

फेणीबद्दल पर्यटक प्रश्न विचारतात आणि पोरगा काहीबाही सांगतो, असंही तुम्ही लिहिलंय. त्याला एवढं शिकवा : काजूची बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवून निघालेला रस आंबवतात आणि भाटीत, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीत, उकळतात. पहिल्या उकळीचं उर्राक, सौम्य, फक्त फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतचं. पुन्हा उकळली की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माडाची फेणी वेगळी, ती माडाच्या सुरेपासून (माडीपासून) होते आणि तिला काजूचा वास नसतो. एवढी पाच वाक्यं खरी सांगितली तर पर्यटक दुसरा पेग मागवतो. बाटली घरी न्यायची म्हणाला तर फक्त सीलबंद, बिलासह द्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत सुटी फेणी भरून कधीही देऊ नका. वासही बिघडतो, आणि महाराष्ट्राच्या हद्दीवर बांद्याच्या नाक्यावर अडकला तर तुमचं नाव सांगेल.

आता शेजारच्या बाई. त्यांच्यावर तुम्ही रागावलाय हे पत्रात दिसतं, पण त्यांची बाजू कायद्याची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा आहे ४५ डेसिबल. दिवसा ५५. चार माणसं दाराबाहेर हसली तरी ४५ ओलांडतात. म्हणजे डीजेचा विषय तिथेच संपला.

मात्र दहानंतर त्यांना नेमका कसला त्रास होतो ते शोधा, कारण बऱ्याचदा ते गाणं नसतं. एका रात्री त्यांच्या खिडकीखाली अर्धा तास उभ्या राहा. तीन आवाज ऐकू येतील. पहिला, सिगारेट ओढायला बाहेर आलेल्यांचा. तुमच्या २२ खुर्च्यांच्या जागेत धूम्रपानाची वेगळी खोली करता येत नाही. नियमाने त्यासाठी किमान ३० जणांची बसायची सोय लागते. म्हणून ते बाहेर येणारच. त्यांना दुसऱ्या टोकाला, त्या खिडकीपासून लांब, वाळू भरलेली एक बादली ठेवून द्या. लोक बादलीजवळच उभे राहतात, पाटी वाचत नाहीत. ग्लास मात्र बाहेर न्यायचा नाही, परवाना जागेचा असतो, रस्त्याचा नाही. दुसरा आवाज खुर्च्या ओढल्याचा. फरशीवरून ओढलेली लाकडी खुर्ची भिंतीतून शेजारी पोचते. २२ खुर्च्यांना ८८ रबरी बुटं लावा, एका दुपारचं काम आहे. तिसरा, आणि माझ्या मते हाच खरा गुन्हेगार : रात्री साडेअकराला रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये टाकल्याचा. झोप लागता लागता तो खळखळाट कानात जातो. बाटल्या रात्री आतच टेबलावर उभ्या ठेवा, सकाळी दहानंतर क्रेट भरा. स्पीकर त्यांच्या सामाईक भिंतीवर असेल तर काढून समोरच्या भिंतीला, जाड फोमच्या तुकड्यावर बसवा. ढोलाचा धमधम आवाज हवेतून कमी आणि भिंतीतून जास्त जातो. हे सगळं केल्यावर त्यांच्याकडे जाऊन तुमचा मोबाईल नंबर द्या, 'आधी मला करा' म्हणा. आणि त्यांनी केला की उचला.

फोटोंचं थोडक्यात. पणजीच्या जुन्या फोंतेन्हास वस्तीत घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या का लागल्या ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे पाटी अशी लावा : 'ग्लासाचा फोटो खुशाल काढा. माणसाचा काढायचा तर आधी त्याला विचारा.' दुपारी बाराला बसलेल्यांपैकी काही जण त्या वेळी कचेरीत असल्याचं घरी माहीत असतं. त्यांची अब्रू तुमच्या भिंतींच्या आत आहे. फ्लॅश सरसकट बंद.

वहीबद्दल जरा कठोर बोलतो. ४१,००० ही उधारी राहिलेली नाही, बुडीत होत चाललीय. आजपासून जुनी बाकी गोठवा. वेगळ्या पानावर उतरवा, त्या माणसासमोर, त्याच्या सहीने. रोजचं रोख, आणि जुन्यापैकी महिन्याला ५०० रुपये. ज्यांना नवी उधारी द्यायचीच त्यांना १,५०० ची मर्यादा, आणि दर महिन्याच्या १० तारखेला खातं कोरं. दुपारी, पहिला ग्लास भरायच्या आधी सांगा. संध्याकाळी चौघांत सांगितलं तर पैसेही जातील आणि माणूसही. लाजेने यायचे बंद झालेत त्यांच्यात वहीतलं कोणी आहे का, तेही पाहा. माझी शंका आहे की आहे.

आणि ज्यांची बायको दाराशी आली होती, त्यांची उधारी बंद. रोख आणलं तरी दोनच्या वर नाही, आणि पोटात काही गेल्याशिवाय पहिलाही नाही. तुम्ही त्यांची दारू सोडवू शकणार नाही, ते तुमचं कामही नाही. पण उधारीच्या वहीनेच ती सोपी केली होती. एक सावधगिरी : वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर थरकाप, झटके, भ्रम असे धोके असतात, जिवावरही बेततं. म्हणून 'उद्यापासून अजिबात नाही' असा पण घरच्यांनी करायला लावण्याआधी डॉक्टरांना दाखवावं, एवढं त्या वहिनींना जरूर सांगा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या बैठका गोव्यात भरतात, आणि घरच्यांनाही तिथे चौकशी करता येते.

वडिलांशी भांडण कशाचं आहे? 'कशालाच हात लावू नको' म्हणणाऱ्या माणसानेच कधीतरी बिअरचा फ्रिज आणला असेल, पंखे लावले असतील. त्यांची भीती बदलाची नसावी, आपण त्यात नसण्याची असावी. दुपारचे अडीच तास त्यांना द्या. गल्ल्याजवळ पाठ टेकायला खुर्ची, हातात माप, उचलाउचल काही नाही. त्या वेळात सगळी त्यांचीच माणसं असतात, आणि गेलेल्या चौघांना फोन करायचा तर तो त्यांनीच करावा. आतेभावाला नाही म्हणताना मोकळ्या हाताने पाठवू नका. १२ लाखांऐवजी संडास नीट करायला आणि फळी-दिव्यांसाठी लागेल तेवढी रक्कम, लेखी कराराने, भागीदारी न देता घ्या. संडासात चांगला दिवा, आतून लागणारी कडी, कायम पाणी आणि हात धुवायला साबण. बाईमाणूस बारमध्ये दुसऱ्यांदा येते की नाही हे यावर ठरतं. आणि दर्शनी भागाला हात लावायच्या आधी परवानगी बघा, जुनी वस्ती संवर्धन क्षेत्रात असते.

परवाना अजून वडिलांच्या नावावर असेल तर तो विषय पावसाळ्याआधी अबकारी खात्यात जाऊन मार्गी लावा. मग ठरलेली वेळ, २१ वर्षांखालच्याला न देणं, शंका आली तर ओळखपत्र पाहणं हे सगळं तुमच्या नावावर येईल. पर्यटकांत भाड्याच्या स्कूटरवाले पुष्कळ. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा दोन पेगांत सहज गाठली जाते आणि पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, कधी दोन्ही होतं. ओळखीच्या दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर गल्ल्यावर चिकटवा आणि किल्ली ठेवायला एक बरणी ठेवा.

महाराष्ट्रात परमिट रूम चालवणाऱ्या वाचकांनी यातले आकडे घ्यावेत, कायदा घेऊ नये. तिथे पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वय २५ आहे. खुर्ची-तासाचं गणित आणि बाटल्यांचा खळखळाट मात्र पणजीत जसा, तसाच सांगलीत.

पुढच्या मंगळवारपासून दोन आठवडे फक्त एक काम करा. दर अर्ध्या तासाने वहीत दोन आकडे लिहा : किती खुर्च्या भरल्या, त्यात ओळखीचे किती. मी वर मांडलेले साडेचार तास तुमच्याकडे कदाचित सहा निघतील, कदाचित तीन. फळी कुठल्या भिंतीला लावायची आणि दर कितीला बदलायचा ते त्यावरून ठरवा.

फेब्रुवारी संपता संपता भाटीवरून उर्राकचा पहिला गराफांव (मोठी काचेची बाटली) येईल तेव्हा आठवडाभर तो फळ्यावर लिहू नका. दुपारच्या लोकांना वासावरून कळतं. घ्या आठ-दहा दिवसांपुरतंच, उर्राक फार टिकत नाही. काचेतच ठेवा, बूच घट्ट. नंतर लिहा फळ्यावर, पर्यटकांसाठी.